तीनदा पेस्ट कंट्रोल झालं, तरी झुरळं हटत नाहीत

पत्र : आम्ही गोव्यात पर्वरीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी रीसेलचा फ्लॅट घेतला, ओटा-ट्रॉल्यांसकट. पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघरात बारीक तपकिरी झुरळं दिसायला लागली. आता रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की ओट्यावर नुसती पळापळ. वर्षभरात तीनदा पेस्ट कंट्रोल करून घेतलं. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. उलट आता बेडरूमच्या कपाटातही निघतात. न्हाणीघरात मधूनच एखादं मोठं, उडणारं येतं ते वेगळंच. मी रोज फिनाईलने लादी पुसते, तरी यजमान म्हणतात, तुझं लक्ष नाही. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पेडण्याला गावच्या घरी गेलो तर आमच्या पिशवीतून झुरळ निघालं. जाऊबाई सगळ्यांसमोर बोलल्या. मुलगी सात वर्षांची आहे, तिला दम्याचा पंप चालू आहे, त्यामुळे औषध मारायचीही भीती वाटते. यंदा चवथीच्या आत काहीतरी करायचंच आहे. काय करू?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर :

ताई, आधी फवारणी बंद करा. घरातला स्प्रे बाजूला ठेवा आणि चौथ्यांदा फवारायला कुणाला बोलावू नका. फवारणीनंतर झुरळं बेडरूमच्या कपाटात निघायला लागली, असं तुम्हीच लिहिलं आहे. बाजारातल्या बहुतेक स्प्रेंमध्ये पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. ते ज्याच्या अंगावर थेट पडतं ते झुरळ मरतं, पण फटीत बसलेल्यांना त्याचा नुसता उग्रपणा जाणवतो आणि ती जागा सोडून पुढच्या खोलीकडे सरकतात. शिवाय या बारीक झुरळांमध्ये पायरेथ्रॉइडला न जुमानणाऱ्या पिढ्या जगभर तयार झाल्या आहेत. तुम्ही पैसे मोजून त्यांना घरभर पसरवून घेतलंत, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

तुमच्याकडे दोन वेगळ्या जातींची झुरळं आहेत. दोघांच्या सवयी वेगळ्या, म्हणून इलाजही वेगळा.

न्हाणीघरातलं मोठं, तांबूस, दीड इंचाचं, मानेवर पिवळसर कड असलेलं ते अमेरिकन झुरळ. कॉलेजात सायन्स घेतलेल्यांनी प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून चिरलेलं झुरळ ते हेच. नावात अमेरिका असली तरी ते मूळचं आफ्रिकेतलं आणि जहाजांबरोबर सगळीकडे गेलं. त्याचा मुक्काम गटारात, चेंबरमध्ये, सेप्टिक टँकच्या आसपास. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस धरला की चेंबरं भरतात आणि ती पाइपातून वर येतात. ती बाहेरून येतात, म्हणून त्यांची वाट बंद करायची.

स्वयंपाकघरातली बारीक, ती जर्मन झुरळं. अर्धा इंच लांब, फिकट तपकिरी, मानेमागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा. पंख असून उडत नाहीत. जीवशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये यांना जर्मनीचं नाव दिलं. पण २०२४ मध्ये सतरा देशांतल्या झुरळांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून दिसलं की सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात रानातल्या एका आशियाई झुरळापासून ही जात वेगळी झाली आणि माणसाच्या घराला चिकटली. आज ही जात माणसाच्या आसऱ्याबाहेर, रानात, कुठेच आढळत नाही. तिला आपलं घरच लागतं. आपली ऊब, आपला ओलावा, आपल्या भांड्यातलं खरकटं. यांची वस्ती घराच्या आतच असते, म्हणून हाकलून उपयोग नाही. संपवावीच लागतात.

आज रात्री सगळे झोपल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात जा. मोठा दिवा लावू नका. सिंकखालच्या ट्रॉलीचं दार हळू उघडा आणि बिजागरीवर उजेड टाका. तिथे मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतील, ती त्यांची विष्ठा. त्या विष्ठेच्या वासानेच बाकीची तिथे गोळा होतात, म्हणून एकदा धरलेली फट ती सहसा सोडत नाहीत. नीट पाहिलंत तर एखादी मादी दिसेल, तिच्या शेपटाकडून फिकट तपकिरी, चपटी, आडव्या रेघांची डबी बाहेर आलेली असेल. त्या डबीत तीस ते चाळीस अंडी असतात. अमेरिकन झुरळ आपली डबी कुठेतरी चिकटवून मोकळं होतं. जर्मन मादी मात्र पिल्लं निघायच्या बेताला येईपर्यंत, जवळजवळ तीन-चार आठवडे, ती अंगावरच वागवते. त्या दिवसांत ती फटीतून फारशी बाहेर पडत नाही आणि डबीच्या कवचातून औषध आत शिरत नाही. फवारणीनंतरचे तुमचे ते आठ बरे दिवस म्हणजे बाहेर फिरणारी मेली आणि डब्या शाबूत राहिल्या, एवढंच. आपल्या हवेत पिल्लाचं मोठं झुरळ व्हायला साधारण दोन महिने पुरतात, आणि एक मादी आयुष्यात चार ते आठ डब्या घालते. हिशेब तुम्हीच करा.

रात्री टॉर्चने पाहाल तेव्हा कुठे कुठे ठिपके दिसले ते कागदावर लिहून ठेवा. सिंकखाली, बिजागऱ्या, ट्रॉलीच्या चॅनलमागे, कडप्पा आणि भिंत यांच्यामधली फट, फ्रिजच्या दाराचं रबर, फ्रिजमागे कॉम्प्रेसरची ऊब आणि त्याखालच्या ट्रेमधलं पाणी, मिक्सरचं बूड (उलटं करून भोकांतून पाहा), गॅसच्या शेगडीचा तळ, वॉटर प्युरिफायरच्या मागची बाजू, भिंतीवरचं घड्याळ. पुठ्ठ्याचे चिकट सापळे मिळतात, ते चार-पाच ठिकाणी रात्रभर ठेवले तर वस्ती नेमकी कुठे दाट आहे ते सकाळी कळतं.

आता औषध. जर्मन झुरळांवर आज घरी करण्यासारखा सगळ्यात चांगला इलाज म्हणजे जेल. इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत मिळतं. त्यात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा इंडोक्साकार्ब असं एखादं औषध खाद्यात मिसळलेलं असतं. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, फटीत परत जातं आणि तिथे मरतं. अगदी लहान पिल्लं खाण्यासाठी फार लांब जात नाहीत. फटीतच राहून मोठ्यांची विष्ठा खातात, मेलेली झुरळंही खातात. त्यामुळे तुमचा हात, तुमचा फवारा जिथे कधीच पोचला नसता तिथे हे औषध मोठी झुरळंच पोचवतात.

पण जेल लावताना बहुतेक घरांत दोन चुका होतात. एक म्हणजे चार मोठे गोळे लावून मोकळं होणं. मुगाच्या डाळीएवढे बारीक ठिपके हवेत आणि भरपूर हवेत. प्रत्येक बिजागरीत एक, प्रत्येक चॅनलमागे दोन, आणि तुमच्या कागदावर जिथे ठिपके जास्त तिथे जेलचे ठिपकेही जास्त. उघड्या ओट्यावर लावू नका. दुसरी चूक याहून मोठी: जेल लावायचं आणि वर स्प्रेही मारायचा, खडूची रेघ ओढायची, फिनाईलचं फडकं फिरवायचं. त्या वासाने झुरळ जेलकडे फिरकत नाही आणि सगळं फुकट जातं. ट्रॉल्या आधी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या करा, मग जेल लावा, आणि नंतर तो भाग पुसू नका. लादी तुम्ही रोज पुसता ती पुसा, पण ट्रॉल्यांच्या आत फिनाईल नको.

आठवड्याभरात फरक दिसायला लागतो. मेलेली दिवसाही सापडतील, एखादं उलटं पडून पाय झाडताना दिसेल, घाबरू नका. लगेच जेल संपलेल्या जागा पुन्हा भरा. मग तीन ते चार आठवड्यांनी दुसरी फेरी घ्याच, कारण पहिल्या वेळी ज्या डब्या शाबूत होत्या त्यांतली पिल्लं आता बाहेर पडलेली असतात. बहुतेक लोक ही दुसरी फेरी गाळतात. आता बरं आहे, कशाला, असं वाटतं, आणि चवथीनंतर पुन्हा सुरुवात.

कधी कधी जेल तसंच राहतं, झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. याचंही कारण माहीत आहे. खाद्यातल्या ग्लुकोजची गोडी काही झुरळांना कडू लागते. चव घेणाऱ्या अवयवातल्या ज्या पेशी कडू ओळखतात त्याच ग्लुकोजने जाग्या होतात, हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. पिढ्यान् पिढ्या गोड आमिष खाणारी मेली आणि न खाणारी उरली, त्यांची ही संतती. तसं झालं तर दुसऱ्या कंपनीचं, दुसरं औषध असलेलं जेल आणा. नळीवर औषधाचं नाव छापलेलं असतं, ते वाचून घ्या. एरवीही वर्षातून एकदा औषध बदललेलं बरं.

बोरिक पावडर, म्हणजे कॅरमला लावतात तीच, हेही जुनं आणि खरोखर काम करणारं औषध आहे. झुरळाच्या अंगाला लागते, मिशा-पाय चाटताना पोटात जाते. पण ती दिसेल न दिसेल इतकी पातळ भुरभुरावी लागते. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं. आणि आपल्या पावसाळ्यात दमटपणाने तिचे गठ्ठे होतात, मग तिचा उपयोग नाही. म्हणून फक्त कोरड्या, बंद जागी: ट्रॉल्यांच्या खालच्या पट्टीमागे, फ्रिजमागे. ती पोटात गेली तर मुलांना विषबाधा होते, तेव्हा मुलीचा हात पोचेल तिथे किंवा धान्याजवळ अजिबात नको. तमालपत्र, लवंगा, काकडीच्या साली यांनी झुरळं फार तर एका कप्प्यातून दुसऱ्यात जातील, संख्या कमी होणार नाही. डांबराच्या गोळ्या तर तुमच्या घरात नकोतच, त्यांची वाफ दम्याच्या मुलीला चांगली नाही.

तुमच्या मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घाई कराविशी वाटते ती तिच्यासाठी. झुरळाची विष्ठा, लाळ आणि त्याने टाकलेली कात यांतल्या प्रथिनांची काही मुलांना ॲलर्जी असते. त्यांचे बारीक कण धुळीत मिसळतात. अशी ॲलर्जी असलेल्या आणि झुरळांच्या घरात राहणाऱ्या दमेकरी मुलांना जास्त त्रास होतो, त्यांना इस्पितळातही जास्त वेळा न्यावं लागतं, हे अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत केलेल्या अभ्यासात १९९७ मध्येच दिसलं होतं. तेव्हा तिच्या डॉक्टरांना घरात झुरळं आहेत हे न लाजता सांगा. त्वचेवर करायची साधी चाचणी असते, ती करायची का हे ते ठरवतील. पंप मात्र त्यांच्या सल्ल्याशिवाय कमी-जास्त करू नका. आणि झुरळं मेली म्हणजे त्रास लगेच संपला असं नाही, हे कण घरात कित्येक महिने राहतात. ट्रॉल्या रिकाम्या करून स्वच्छ कराल त्या दिवशी तिला आजीकडे किंवा शेजारी पाठवा. कोरडा झाडू फिरवू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसून घ्या, स्वतः नाकाला मास्क लावा. बेडरूमच्या कपाटातले कपडे, तिच्या उशीचे अभ्रे, पांघरुणं धुऊन टाका. तुम्हाला औषधाची भीती वाटते ती योग्यच आहे. फवारलेलं औषध हवेत राहतं आणि त्यानेही दमा उठू शकतो. जेल हवेत जात नाही.

पाण्याकडेही लक्ष द्या. हे झुरळ पाणी मिळालं तर अन्नाशिवाय महिनाभरही तग धरतं, पण पाण्याशिवाय साधारण दोन आठवडेच. म्हणून रात्री झाकपाक झाल्यावर ओटा आणि सिंक कोरड्या कापडाने पुसा आणि ते ओलं फडकं सिंकवर टाकून ठेवू नका, गॅलरीत वाळत घाला. फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करा. सिंकखालचा पाइप ठिबकत असेल तर आधी प्लंबर बोलवा, जेल नंतर. खरकटं रात्री झाकणाच्या डब्यात. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, पाव-पोळे पिशवीत बांधून ओट्यावर राहतात, तेही डब्यात जाऊ देत. कचरा दिवसाआड नेत असतील तर ओल्या कचऱ्याचा डबा रात्री गॅलरीत ठेवा.

पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सामानही एकदा पाहून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मे महिन्यात आणलेली सुकी मासळी, सोलं, मिरच्या आपण कागदात, गोणपाटात, खोक्यात तशाच ठेवतो. बाजारातलं खोकं हे या झुरळांचं मोठं वाहन आहे. पुठ्ठ्याच्या नागमोडी थरांत ती आणि त्यांची पिल्लं लपून येतात. सामान घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरा आणि खोकी त्याच दिवशी बाहेर काढा.

आता मोठ्या झुरळांची वाट. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे लादीतल्या जाळीखालच्या वाटीत, पाणी साठलेलं असतं आणि ते पाणीच गटाराकडचं बंद दार असतं. वॉशिंग मशीनचा पाइप घालायला जाळी काढून ठेवलेली असते, असं मी घराघरांत पाहते. तिथे पाइपाभोवती घट्ट बसेल अशी जाळी मिळते, ती लावा. सिंकचा पाइप लादीत जिथे शिरतो तिथे बोटभर फट असते, ती सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. ही झुरळं तुम्हाला मधूनच एखादं दिसतं, त्यावर यापलीकडे औषधाची गरज नाही.

यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. तुमच्या ट्रॉल्या आधीच्या मालकाच्या आहेत आणि झुरळं त्या लाकडात घर ताब्यात येण्यापूर्वीपासून असण्याची शक्यता खूप आहे. रोज लादी पुसून बिजागरीतली झुरळं मरत नाहीत, तुम्ही नाही, कुणीही पुसली तरी. बिजागरीतली वस्ती टॉर्चने शोधणं, फ्रिज ओढणं, ट्रॉल्या बाहेर काढणं ही दोघांनी मिळून करायची कामं आहेत. फ्रिज एकटीने ओढू नका.

पेडण्याच्या पिशवीचं म्हणाल, तर ते खरंच घडू शकतं, पण टाळताही येतं. सामान स्वयंपाकघरात भरू नका. हॉलमध्ये लादीवर पांढरी चादर अंथरून त्यावर भरा. पिशव्या आदल्या दिवशी झटकून, उन्हात किंवा पाऊस असेल तर पंख्याखाली उलट्या टांगा. मिक्सर गावी नेऊ नका, नेलाच तर बूड तपासून. जायच्या आदल्या रात्री घरात जेलची एक ताजी फेरी लावा, ओटा कोरडा करा, अन्नाचा कण बाहेर ठेवू नका आणि दार बंद करून जा. घरात चार-पाच दिवस चूल नाही, खरकटं नाही, म्हणजे जेलशिवाय त्यांना दुसरं काही नाही.

इतकं करूनही दोन महिन्यांत हटली नाहीत, तर झुरळं शेजारच्या फ्लॅटमधून येत आहेत असं समजा. पाइपांच्या डक्टमधून आणि भिंतीतल्या वायरींच्या नळ्यांमधून ती मजल्या-मजल्यांवर फिरतात. तुमच्या वरचा-खालचा एखादा फ्लॅट वर्षभर बंद आहे का, पाहा. पर्वरीत असे बंद फ्लॅट बरेच आहेत, मालक परदेशात किंवा दिल्ली-मुंबईला, सुट्टीपुरते येतात. बंद घरात नहाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि गटारातली मोठी झुरळं सरळ वर येतात. सोसायटीकडे किल्ली असेल तर महिन्यातून एकदा तिथल्या सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडायला सांगा. तेलाच्या थराने पाणी लवकर आटत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढायला संकोच करू नका. तुमच्याकडे आहेत म्हणजे त्या डक्टवरच्या बाकीच्या स्वयंपाकघरांतही असणार, फक्त कुणी बोलत नाही. सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच आठवड्यात जेल, चेंबरची झाकणं घट्ट, सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपावर जाळी, आणि महिन्याने दुसरी फेरी, एवढं ठरवून घ्या. पेस्ट कंट्रोलवाल्याला काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा. कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का, तो दाखवायला सांगा. कुठलं औषध वापरणार ते नावासकट बिलावर लिहून मागा. आणि त्यात डायक्लोरव्हॉस नाही याची खात्री करा. तिखट वासाचं हे औषध पूर्वी सर्रास मारायचे, पण २०२० च्या ३१ डिसेंबरपासून देशात त्यावर बंदी आहे, आणि दम्याचं मूल असलेल्या घरात तर त्याचा थेंबही नको. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला काम देऊ नका.